घेवड्यासमोर बोललेलं फ्रेंच

व्हर्ना टोझरला फ्रेंचमधला एकच शब्द येत होता, आणि तो ती रोज सकाळी एकवीस वेळा वापरायची. पूर्व कॅनडातल्या मिरामिची नदीच्या काठाकाठाने शाळेची पिवळी बस चालवायला लागून तिला सव्वीस वर्षं झाली होती. बसमध्ये दोन प्रकारची मुलं चढायची, इंग्रजी वर्गातली आणि फ्रेंच वर्गातली. घरी सगळेच इंग्रजी बोलायचे. पण फ्रेंच वर्गातल्या मुलांना पहिलीपासून गणित, चित्रकला, डबा उघडायची परवानगी, सगळं फ्रेंचमधून. कोण कुठल्या वर्गातलं, हे व्हर्नाला पाठ होतं. इंग्रजीवाल्यांना ती ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची आणि फ्रेंचवाल्यांना ‘बोंझूर’. यात तिची कधी चूक झाली नव्हती. त्या एकवीस जणांत दुसरीत शिकणारी तिची नात होती, ब्रिन.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि बस व्हर्नाच्या अंगणात उभी राहिली ती राहिलीच. व्हर्नाची मुलगी केन्ड्रा वृद्धाश्रमात रुग्णसेविका होती. तिथे माणसं कमी आणि काम दुप्पट झालं होतं. ब्रिनचा बाप दूर पश्चिमेला अल्बर्टात तेलाच्या कामावर, तो फोनवरच असायचा. केन्ड्रा सकाळी साडेसहाला ब्रिनला आईच्या दारात सोडायची, गाडीचं इंजिन चालूच ठेवून.

“बाकी काही नाही झालं तरी चालेल, मॉम,” पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली. “गणित मी बघीन. फ्रेंच तेवढं सुटू देऊ नकोस.”

“मला काय येतंय त्यातलं?”

“रोजचा एक तास बसव तिला. बास.”

“ते माझ्यावर सोड,” व्हर्ना म्हणाली.

यामागे काय होतं ते दोघींनाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी केन्ड्राने सरकारी इस्पितळातल्या कायम नोकरीसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा झाली, तोंडी होत आली, आणि शेवटचा प्रश्न फ्रेंचमध्ये आला, कारण त्या प्रांतात सरकारी नोकरीला दोन्ही भाषा लागायच्या. केन्ड्रा हसली, येत नाही म्हणून मान हलवली आणि घरी आली. त्या जागेवर लागलेली मुलगी तिच्याच वर्गातली, अभ्यासात तिच्या मागे असलेली. तेव्हापासून केन्ड्राने ठरवलं होतं की ब्रिनच्या बाबतीत हे होणार नाही.

एप्रिलमध्ये ब्रिनच्या बाई, मादाम लिझान, दर सोमवारी ई-मेलने एक कागद पाठवू लागल्या. केन्ड्रा तो कामावर छापून आणायची. मे महिन्याचा विषय होता बाग. कागदावर नऊ चौकोन, वर फ्रेंच आणि खाली पालकांसाठी बारीक इंग्रजी. पेल्यात घेवड्याचं बी लाव आणि रोज त्याच्याशी पाच वाक्यं बोल. गांडुळं शोध, ती काय करतात ते सांग. बागेतल्या पाच भाज्यांना नावाच्या पाट्या लाव. वाफ्यासमोर उभं राहून आज काय उगवलं ते मोठ्याने सांग. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात पालकांच्या खुणेसाठी रिकामं वर्तुळ.

कागद बघून व्हर्नाला हायसं वाटलं. बाग तिची होती. घरामागे बारा वाफे, तीस वर्षांचे. मुळा कधी, मटार कधी, गाजराला वाळू किती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि फ्रेंचचं काय करायचं तेही मादामनी पहिलीच्या पालकसभेतच सांगून ठेवलं होतं. तुम्हाला फ्रेंच येत नसेल तर घाबरू नका. चुका काढू नका. भाषांतर करून मागू नका. ऐका आणि शाबासकी द्या.

नियम म्हणजे नियम, असा व्हर्नाचा स्वभाव. रेल्वे फाटकाशी, रुळावर आठवड्यात एक मालगाडी येत असली तरी, ती रोज बस थांबवायची, दार उघडायची, कान द्यायची आणि मगच पुढे जायची. तशीच ती आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसली आणि कान दिला.

ब्रिन पेल्यासमोर सरळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि बोलली. भरभर, न अडखळता, मध्ये एकदा आवाज वर चढवून, शेवटी जरा हळू. पाच वाक्यं झाली. व्हर्नाने बोटांवर मोजली होती.

“झालं, ग्रॅमी.”

“शाबास!” व्हर्नाने वर्तुळात खूण केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गांडुळांच्या दिवशी ओल्या मातीत उकिडवी बसून. पावसाच्या दिवशी छपराखाली उभी राहून. बहिणीला फोनवर व्हर्ना सांगायची, “पाण्यासारखं बोलते गं. मला अक्षर कळत नाही, पण ऐकत बसावंसं वाटतं.”

मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या लांब सुट्टीनंतर बाहेर वाफ्यांत लागवड सुरू झाली. पाट्यांसाठी व्हर्नाने रंग ढवळायच्या काड्या दिल्या. ब्रिनने त्यांवर काळ्या पेनाने सुंदर अक्षरात नावं लिहिली आणि वाफ्यांच्या टोकाला खोचली. मादामना फोटो गेला. मादामचं उत्तर आलं, एकही चूक नाही, फार छान. व्हर्नाने ते उत्तर छापून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. केन्ड्रा संध्याकाळी येऊन ते उभ्याउभ्या दोनदा वाचायची, मग पोरीला उचलून गाडीत घालायची.

एका गोष्टीचं व्हर्नाला हसू यायचं. चार आणि पाच नंबरच्या वाफ्यांत ब्रिनने स्वतः बी पेरलं होतं आणि पाट्या फक्त फ्रेंच होत्या. तीस वर्षांत पहिल्यांदा व्हर्ना आपल्याच बागेत खुरपं घेऊन उभी राहिली आणि तिला कळेना की उपटायचं काय आणि ठेवायचं काय.

“इथे काय आहे गं?”

“लिहिलंय की,” ब्रिन म्हणाली.

कुंपणापलीकडे झोएल ब्रो राहायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा, किनाऱ्यावरच्या नेगवाक गावचा कोळी, जन्माने फ्रेंच. व्हर्नाशी मात्र तो तीस वर्षं इंग्रजीतच बोलत आला होता, कारण त्याची दिवंगत बायको इंग्रजी होती आणि व्हर्नाला दुसरं काही येत नव्हतं. तो दिवसभर मागच्या ओट्यावर जाळी विणत बसायचा आणि व्हर्नाची बाग स्वतःची असल्यासारखी तिच्यावर लक्ष ठेवायचा.

“व्हर्ना, ती टोमॅटोची रोपं आत घे. जूनची पौर्णिमा व्हायचीय अजून.”

“कागदावर मेमध्ये लावा म्हणून लिहिलंय.”

“कागद राहतो कुठे? व्हँकुव्हरच्या उबेत?”

त्या रात्री दव गोठलं आणि टोमॅटो काळे पडले. सकाळी झोएलने जाळ्यातून मान वर करून फक्त एवढंच विचारलं, “कागदाला कळवलंस का?”

जूनच्या पहिल्या बुधवारी मादामचं पत्र आलं. प्रत्येक मुलाशी त्या फोनवर दहा मिनिटं बोलणार होत्या. वर्षभराचं काम बघून, आणि मुख्यतः हे बोलणं ऐकून, मुलाने सप्टेंबरमध्ये फ्रेंच वर्गात राहावं की इंग्रजी वर्गात जावं, याबद्दल त्या पालकांना सल्ला देणार होत्या. ब्रिनची वेळ पुढच्या गुरुवारी, अकरा तारखेला, सकाळी साडेदहा.

व्हर्नाला काळजी नव्हती. तरी एकदा जाणकाराकडून खात्री करून घ्यावी म्हणून ती कुंपणाशी गेली. ब्रिन तेव्हा घेवड्यासमोर हात बांधून आपला पाठ संपवत होती.

“झोएल, तू रोज ऐकतोस तिचं. कसं आहे?”

झोएलने सुई बाजूला ठेवली. “चांगलं आहे. स्वच्छ. रेडिओवरच्या बाईसारखं.”

“देवाची कृपा.”

“फक्त एक विचारू का?”

“विचार ना.”

“तुमच्याकडे रोज शुक्रवार असतो का?”

व्हर्नाला कळलं नाही. झोएलने ब्रिन घरात जाईपर्यंत वाट पाहिली, मग बोटं मोजत सांगितलं. “नमस्कार मित्रांनो. आज शुक्रवार, तेरा मार्च. बाहेर थंडी आहे आणि बर्फ पडतोय. आज सगळे हजर आहेत. मादाम, मी बाथरूमला जाऊ का? पाच.”

“रोज?”

“रोज.”

“आणि घेवड्याचं?”

“घेवड्याचं काही नाही. एकदा गाजरांना बाथरूमचं विचारताना ऐकलं. गाजरं नाही म्हणाली नाहीत.” तो हसला, आणि व्हर्नाचा चेहरा बघून थांबला.

“इतके दिवस बोलला का नाहीस?”

“मला वाटलं शाळेत असंच काहीतरी शिकवतात. मला शाळेचं काय ठाऊक? मी सातवीत बोटीवर गेलो.”

तेरा मार्च हा शाळेचा शेवटचा दिवस होता. फ्रेंच वर्गात रोज सकाळी एक मूल पुढे उभं राहून वार, तारीख, हवा आणि हजेरी सांगतं. त्या शुक्रवारी पाळी ब्रिनची होती. तिने ते आठवडाभर आधी पाठ केलं होतं; बाथरूमचं वाक्य तर पहिलीपासूनच तोंडावर होतं.

व्हर्ना घरात आली. ब्रिन टेबलाशी लोणी लावलेला पाव खात होती. समोर बियांची रिकामी पाकिटं पडली होती. व्हर्नाने एक उचललं. एका बाजूला इंग्रजी, उलटं केलं की फ्रेंच, देशातल्या सगळ्या पाकिटांवर असतं तसं. ती तीस वर्षं ही पाकिटं विकत घेत होती आणि मागची बाजू तिने कधी पाहिली नव्हती. पाट्यांवरची अक्षरं आणि पाकिटावरची अक्षरं एकच होती; पोरीने नावं तिथूनच उतरवली होती.

“ब्रिन, घेवड्याला तू काय सांगतेस?”

ब्रिनने पाव खाली ठेवला. “तू खूण केलीस ना.”

“मला कळत नाही म्हणून खूण केली.”

“मग?”

“मग घेवड्याबद्दल का नाही बोललीस?”

“मादाम विचारते, मग आपण सांगतो. इथे कोण विचारतं?” ब्रिनचा आवाज चढला. “घेवडा विचारतो?”

व्हर्नाने हातातलं पाकीट खाली ठेवलं. ब्रिन आपणहून म्हणाली, “आधी येत होतं. ईस्टरच्या सुमारास शोधलं तर सापडेना. हे एक सापडलं.”

“आईला सांगितलंस?”

“तू सांगू नको.”

व्हर्नाने सांगितलं नाही. त्या संध्याकाळी केन्ड्रा आली तेव्हा तिच्या नाकावर मास्कचे वळ होते आणि आश्रमातल्या दोन म्हाताऱ्यांना ताप होता. “आज बोलली का?” तिने नेहमीसारखं विचारलं. “बोलली,” व्हर्ना म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

हातात आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्नाने कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची ठेवली, मधे नियमाप्रमाणे अंतर सोडून. झोएल दाढी करून आला. त्याने विचारायचं, ब्रिनने सांगायचं. पहिला दिवस बरा गेला. ब्रिन दोन-दोन शब्दांत का होईना उत्तरं देत होती, आणि झोएल इतक्या मोठ्याने हसत होता की व्हर्नाला ते काय बोलतात ते न कळूनही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बटाट्यांपाशी गाडी अडली. झोएलने बटाट्यासाठी आपल्याकडचा एक शब्द म्हटला. ब्रिनने मान हलवली. त्याने पुन्हा म्हटला. ब्रिन व्हर्नाकडे वळली.

“ग्रॅमी, हा चुकीचं बोलतो. कागदावर तसं नाहीये. मादाम असं म्हणत नाही.”

“ब्रिन!”

“असू दे,” झोएल म्हणाला. “बरोबर आहे तिचं. आमच्या शाळेतल्या सिस्टरही मला हेच सांगायच्या.”

सोमवारी त्याची खुर्ची कुंपणाशी नव्हती. व्हर्ना ओट्याखाली जाऊन उभी राहिली.

“पोर आहे ती, झोएल. राग धरू नको.”

“राग कसला गं? माझं फ्रेंच बंदरावरचं आहे. तिने परीक्षेत माझे शब्द टाकले तर नुकसान तिचंच.” त्याने जाळं गुडघ्यावर ओढलं. “मी चौऱ्याहत्तरचा झालो. आता परत नापास नाही व्हायचं मला.”

व्हर्ना परत आली आणि उरलेले तीन दिवस तिने स्वतः प्रयत्न करून पाहिला. बियांची पाकिटं उलटी मांडून ती मागची बाजू मोठ्याने वाचायची. ब्रिन आधी हसून लोटपोट झाली, मग नुसती हसली, आणि बुधवारी कानांवर हात ठेवून म्हणाली, “नको ना, ग्रॅमी. तू बोललीस की माझं असलेलं पण जातं.”

व्हर्नाने पाकिटं गोळा करून रबर लावलं.

गुरुवारी साडेदहाला फोन वाजला. व्हर्नाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. खिडकीबाहेर घेवडा वीतभर वर आला होता. ब्रिनने काय सांगायचं ते सगळं तिथे दिसत होतं. मादाम लिझानचा आवाज आनंदी होता. त्यांनी काहीतरी म्हटलं, वाक्याचा शेवट वर उचलला. प्रश्न होता, एवढं व्हर्नाला कळलं.

ब्रिनने आजीकडे पाहिलं.

मादामनी तेच पुन्हा विचारलं, जरा सावकाश. व्हर्नाने खिडकीकडे बोट दाखवलं. पानांची खूण केली, वर चढण्याची खूण केली, दोन बोटांनी शेंग दाखवली. ब्रिन तिच्या हातांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. एक शब्द आला. दुसरा अर्धा आला. मादामनी धीर देणारं काहीतरी म्हटलं.

मग ब्रिनने हात मागे बांधले, सरळ उभी राहिली आणि बोलायला लागली. भरभर, न अडखळता. आता व्हर्नाला प्रत्येक वाक्य कळत होतं. नमस्कार मित्रांनो. आज शुक्रवार, तेरा मार्च. थंडी. बर्फ. आज सगळे हजर आहेत. शेवटचं वाक्य म्हणायच्या आधी ती थांबली, आणि ते न म्हणताच खुर्चीवर बसली.

मग मादाम इंग्रजीत म्हणाल्या, “ब्रिन, तू जरा बाहेर खेळशील? मिसेस टोझर, तुम्ही आहात का?”

“आहे.”

“हे कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. खुणा मी केल्यात. तिची चूक नाही.”

“चूक कुणाचीच नाही. माझ्या वर्गात असं झालेलं हे चौथं मूल.” मादामचा आवाज दमलेला होता. “पण तिसरीत विज्ञान सुरू होतं. सगळं फ्रेंचमध्ये. सप्टेंबरात शाळा उघडेल की नाही तेही कोणी सांगत नाही. परत असंच झालं तर दोन्हीकडून मागे पडेल ती.”

“मी काय करायला हवं होतं?”

“मी सांगितलं होतं तेच तुम्ही केलंत,” मादाम म्हणाल्या.

त्यांचं पत्र शुक्रवारी केन्ड्राला गेलं. ती व्हर्नाच्या अंगणात, बसशेजारी गाडी लावून, गणवेशातच फोनवर ते वाचत होती. व्हर्ना जवळ आली तशी तिने काच खाली केली.

“तू रोज खूण करत होतीस ना?”

“करत होते.”

“आणि तुला कधी कळलं?”

“गेल्या आठवड्यात, बुधवारी.”

केन्ड्राने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. ओरडली असती तर व्हर्नाला बरं वाटलं असतं. “मी तरी काय ओळखलं असतं,” ती म्हणाली. “मला पण ते छानच वाटायचं.”

पत्रात सल्ला होता, हुकूम नव्हता. निर्णय पालकांचा. केन्ड्राने दहा दिवस तो कागद गाडीत फिरवला. मग एका सकाळी पोरीला दारात सोडताना तिने तो आईपुढे धरला, सही केलेला. इंग्रजी वर्ग. व्हर्नाने वाचून परत दिला.

घेवडा त्या वर्षी भरपूर आला. व्हर्नाने शेंगा खारवून बरण्या भरल्या, चार झोएलला दिल्या. काड्यांच्या पाट्या तिने ऑगस्टमध्ये उपटल्या, पण फेकल्या नाहीत. पावसाने शाई पसरली होती आणि तशीही त्यांवरची नावं तिला धड म्हणता येत नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडल्या. व्हर्नाने सहा महिन्यांनी बस रस्त्यावर काढली. रेल्वे फाटकाशी थांबली, दार उघडलं, कान दिला, पुढे गेली. फ्रेंच वर्गातली सतरा मुलं उरली होती. नवी यादी तिने रविवारी पाठ केली होती. बोंझूर. बोंझूर. गुड मॉर्निंग. बोंझूर.

सातवा थांबा केन्ड्राच्या घरापाशी. ब्रिन नव्या दप्तराचा पट्टा ओढत पायरीवर चढली आणि आजीसमोर थांबली, रोज थांबायची तशी. व्हर्नाने तोंड उघडलं. दोन्हीपैकी एकही शब्द बाहेर येईना. मागे दोन मुलं पायरीवर खोळंबली होती आणि बसच्या मागे एक ट्रक उभा होता.

“चल, आत सरक,” व्हर्ना म्हणाली. “लोक थांबलेत.”